वापरातली बॅट

टेबल टेनिस हा खेळ मला आवडायचा आणि अजूनही आवडतो, हे आधीच सांगून टाकते. कारण पुढे जे सांगणार आहे त्यात मी जवळजवळ सगळ्यांवर चिडलेली आहे, आणि वाचणाऱ्याला वाटायचं की बाईला खेळाचाच राग आहे. खेळाचा नाही हो. मला एक बॅट हवी होती, साधी, माझ्या हाताला बसणारी. लग्नानंतर पहिल्यांदाच स्वतःसाठी म्हणून काही मागितलं होतं. त्याचं पुढे जे झालं ते आठवलं की आजही पोळ्या लाटता लाटता लाटणं आपटावंसं वाटतं.

एकोणीसशे ऐंशीच्या आगेमागे आम्ही बहारीनला माहूजमध्ये राहत होतो. आमचे हे एका कंपनीत इंजिनियर. मी मनामात एका शिपिंगवाल्यांच्या ऑफिसात टायपिस्ट. मुलगी पहिलीत, तिला मराठी सगळं कळायचं, पण उत्तर मात्र इंग्रजीत फेकायची. आपल्या लोकांचा एक क्लब होता. क्लब म्हणजे काय, तर पुरुषांनी रमी खेळायची, क्रिकेटवरून घसा फोडायचा, आणि बायकांनी गणपतीत मोदक अन् एरवी बटाटेवडे करून आणायचे. हॉलच्या एका टोकाला टेबल टेनिसचं टेबल होतं. तिथे आमचं काम इतकंच, की स्पर्धेच्या दिवशी खेळाडूंना सरबत नेऊन द्यायचं.

त्या टेबलाचे एक सेक्रेटरी होते. पुण्याचे, अकाउंटंट, आणि बोलणं असं की चीनचा संघ यांना विचारल्याशिवाय सर्व्हिसच करत नसावा. आम्हालाही खेळायचंय म्हणून आम्ही चार-पाच जणींनी त्यांना भंडावून सोडलं, तेव्हा कुठे सोमवारची संध्याकाळ आमच्या वाट्याला आली. ती देताना त्यांचा चेहरा असा, की स्वतःची जमीनच आमच्या नावावर करून देतायत. वर म्हणाले, "वहिनी, कपाटातल्या बॅटांना हात लावू नका हं, त्या टीमच्या आहेत. तुमच्यासाठी त्या खोक्यातल्या." खोक्यातल्या बॅटा! एकीच्या रबराला पोपडे आलेले. दुसरीच्या मुठीला कुणीतरी वायरमनची काळी टेप गुंडाळलेली, तिचा चिकटा साबणाने हात धुतले तरी जायचा नाही. तिसरीचं लाकूडच मधून उकललेलं, बॉल लागला की ती टाळीसारखी वाजायची. आम्ही त्यांवरच शिकावं अशी त्या गृहस्थांची अपेक्षा होती. खरं म्हणजे आम्ही शिकूच नये अशी होती.

आमच्यात वसईची एक नर्स होती. हॉस्पिटलातली शिफ्ट संपवून थेट क्लबात यायची, पांढरे बूट तसेच पायात. लहानपणी चर्चच्या हॉलमध्ये भावांबरोबर खेळलेली, त्यामुळे तिचा हात तयार होता. सेक्रेटरी ती खेळत असताना पाण्याच्या कूलरपाशी उभे राहून भलतीकडेच बघायचे, कारण ती त्यांनाही हरवेल हे त्यांना पक्कं ठाऊक होतं. एका सोमवारी तिने मला खोक्यातल्या बॅटशी झटापट करताना पाहिलं.

"अगं बाय," ती म्हणाली, "त्या फळकुटाने तू जन्मात शिकायची नाहीस. ही धर."

तिने स्वतःची बॅट माझ्या हातात दिली. जुनीच होती. हलकी, मूठ बारीक, कडेला लाकूड जरासं काळवंडलेलं. ती पलीकडे गेली, माझी ती खोक्यातली बॅट घेऊन तिने एक सोपा बॉल टाकला. मी नुसती बॅट पुढे केली. बॉल बॅटवर टेकला. खरंच सांगते, क्षणभर टेकला, आणि मग सावकाश जाळीवरून पलीकडे गेला. त्याआधी बॉल माझ्याकडून कुठेही जायचा. तो जायचा आणि मी बघत राहायची. या वेळी मी त्याला पाठवला होता आणि ते मला हातात कळलं. मी वेड्यासारखी हसले. पस्तिशीची बाई, सलवार-कमीजवर कॅनव्हासचे बूट घालून एका बॉलसाठी एवढी हसते, याचं मला काही वाटलं नाही.

मग तिने मला समजावून सांगितलं. रबर न लावलेल्या नुसत्या लाकडाला ब्लेड म्हणतात. पातळ पातळ लाकडी पापुद्रे एकावर एक चिकटवून ते करतात, आणि बॅटचा सगळा स्वभाव त्या लाकडात असतो. "पहिलं ब्लेड हलकं घ्यायचं आणि मंद घ्यायचं," ती म्हणाली. "जोराचं घेतलंस तर बॉल लागला की सुटला. हाताला काही कळायच्या आत तो टेबलाबाहेर. हे पुरुष दुकानात जाऊन छाती फुगवून जोराचं घेतात, अन् मग माझ्याकडे येऊन विचारतात, सिस्टर, खांद्याला कुठलं मलम लावू?"

तेव्हा काय घ्यायचं ते मला पक्कं ठाऊक होतं. हे लक्षात ठेवा, कारण पुढे सगळ्यांनी मला अडाणी ठरवलं.

घरी मागणं काढायचं म्हणजे मला संकोच वाटत होता. आमच्याकडे वस्तू कमी नव्हत्या. पण आणलेली प्रत्येक वस्तू गावच्या कुणाच्या तरी नावाची असायची. हा टेपरेकॉर्डर मोठ्या दिरांचा, ती साडी नणंदेची, तो मिक्सर सासूबाईंचा. माझं म्हणून काय, तर ऑफिसला न्यायची पर्स. त्यामुळे रात्रीची जेवणं झाल्यावर मी भीतभीतच म्हटलं, "अहो, मला टेबल टेनिसची एक बॅट घ्यायचीय. स्वतःची."

मला वाटलं होतं, आता एक व्याख्यान होणार. पण यांनी पेपर खाली ठेवला. "घेऊ या की," म्हणाले. "चांगलीच घेऊ. उगाच स्वस्तातली नको." आणि वर विचारलं, "सोमवारी खेळता ना तुम्ही? मग सोमवारी मी लवकर येत जाईन, पोरीकडे बघेन. तू जात जा." मी त्यांच्याकडे बघतच राहिले. सोमवारी दुसऱ्यांचे नवरे कसल्या कसल्या कटकटी करायचे, ते आम्ही एकमेकींना सांगत असू. माझा नवरा मला आपणहून जा म्हणत होता. मी इतकी हरखले की दुसऱ्या दिवशी डब्यात त्यांच्या आवडीच्या नारळाच्या वड्या दिल्या. जळ्ळ्या त्या वड्या!

गुरुवारी संध्याकाळी आम्ही मनामाच्या बाजारात एका खेळाच्या दुकानात गेलो. दुकानदार गल्ल्यामागे बसून हिशेब नाही, काही नाही, नुसता पंख्याखाली बसलेला. आम्ही शिरलो तेव्हा त्याने यांच्याकडे पाहिलं, मग मुलीकडे पाहिलं, माझ्याकडे नाही. बॅट कुणाला हवी, ते विचारलंच नाही. यांच्यापुढे ब्लेडं मांडायला लागला. मी मधे हात घालून एक उचललं. फिकट रंगाचं, हलकं, मूठ बारीक. हातात घेतलं आणि मनगट आपोआप सैल पडलं. अगदी त्या नर्सच्या बॅटसारखं.

"हे," मी म्हटलं. "मला हे हवंय."

यांनी ते माझ्या हातातून घेतलं, बोटाच्या पेरांनी त्यावर टकटक केली आणि परत ठेवलं. "हे पोरांचं आहे गं. पाच पापुद्र्यांचं. हे बघ, हे सातचं." असं म्हणून त्यांनी एक गडद रंगाचं धूड माझ्या हातात दिलं. मूठ अशी जाड, की बोटं पुरेनात. मनगट खाली गेलं.

"अहो, हे मला जड होतंय."

"सवय होईल."

"पण पहिलं ब्लेड हलकं आणि मंद घ्यायचं असतं. आमच्या नर्सबाई म्हणत होत्या."

"नर्सबाईंना इंजेक्शनं कळतात," हे म्हणाले आणि स्वतःच्याच विनोदावर हसले. दुकानदारही हसला, त्याला मराठी कळत नव्हतं तरी हसला. मी त्याला हिंदीत म्हटलं, की त्या हलक्या ब्लेडला रबर लावून दाखवा. त्याने हात झटकला. "मफी, मफी," म्हणजे तिकडच्या अरबीत नाही, नाही. "मॅडम, ये वाला फर्स्ट क्लास. ये चॅम्पियन खेलता है." मी चॅम्पियन नाही, मी टायपिस्ट आहे, असं मी म्हणाले, पण तोवर यांनी मान हलवली होती आणि तो सोल्युशनचा डबा उघडून त्या धुडाला रबर चिकटवायला बसला होता. माझी निवड काचेच्या कपाटात परत गेली. मुलगी म्हणाली, "मम्मी, व्हाय आर यू नॉट हॅपी?" मी तिला म्हटलं, गप्प बस.

आता कुणी म्हणेल, तेव्हाच का नाही भांडलीस? तर बाईमाणूस म्हणून सांगते. नवरा आपणहून घेऊन देतोय, सोमवारी मुलीला सांभाळायला तयार झालाय, अशा वेळी दुकानात उभं राहून त्याचा पाणउतारा करायचा? मला वाटलं, माणूस हौसेने भारीतलं घेतोय, चुकतोय, पण माझ्यासाठीच चुकतोय ना. या एका विचारावर मी ती बॅट घरी आणली.

आणि मग सुरू झाले माझे हाल. त्या बॅटला बॉल नुसता लागला की सुटायचा. मी हळू मारला तरी लांब, जपून मारला तरी लांब. नर्स पलीकडून ओरडायची, "मनगट सैल सोड!" सैल काय सोडते कपाळ, ते मनगट ठणकत होतं. सेक्रेटरी कूलरपाशी उभे राहून प्रत्येक बॉलवर काहीतरी बोलायचे. एकदा बॉल थेट भिंतीवरच्या घड्याळावर आदळला तर म्हणतात, "वहिनी, तो आता सौदीला गेला!" तेव्हा सौदीला जायला समुद्रावरचा पूलही झाला नव्हता. बाकीच्या जणी हसल्या. मीही हसले, आणि मनात त्यांच्या सात पिढ्यांचा उद्धार केला.

दर आठवड्याला मी ठरवायची, की आता सांगून टाकू या, ही बॅट मला झेपत नाही. आणि दर सोमवारी हे ऑफिसातून लवकर यायचे, मुलीला खिचडी भरवायला बसायचे आणि मला म्हणायचे, "अगं जा ना, उशीर होतोय. चुकवू नकोस." अंग दुखत असलं तरी जा म्हणायचे. एकदा मला थोडी कणकण होती. मी म्हटलं आज नको. तर म्हणाले, "अर्धा तास तरी खेळून ये. खंड पडायला नको." आल्यावर बॅट हातात घेऊन दिव्याखाली धरायचे, उलटीसुलटी करून बघायचे. "कड टेबलावर आपटू देऊ नकोस हं. पण रबर छान रुळतंय." असं म्हणायचे. मला वाटायचं, किती रस घेतोय हा माणूस! ऑफिसात शेजारच्या टेबलावरच्या बाईला मी हे कौतुकाने सांगितलं होतं. तिला म्हणाले होते, की आमच्या ह्यांना बोलून दाखवता येत नाही, पण मनात असतं. आज ते वाक्य आठवलं तरी मला माझीच लाज वाटते.

मे महिन्यातल्या एका शुक्रवारी आम्ही मुंबईला फोन लावला. थोरल्या दिरांच्या शेजारी फोन होता. कुणीतरी बोलवायला धावायचं आणि जे घरात असेल ते येऊन ओरडून बोलायचं. त्या दिवशी जाऊबाई आल्या. ख्यालीखुशाली झाली, सासूबाईंचं गुडघ्याचं दुखणं झालं. सुट्टीत आम्ही कधी येतोय ते झालं. मग त्या म्हणाल्या, "आणि ऐक गं, ती बॅट आता आणखी घासू नकोस हं. भावजी म्हणाले, ती खेळून खेळून जुनी करतेय म्हणून. पण आमचा हा म्हणतो, रबर पार गेलं तर उपयोग नाही."

मी विचारलं, "कुठली बॅट?"

"अगं, आमच्या पोराची! त्याला कॉलेजच्या टीमसाठी हवीय ना, ती. भावजींना त्याने गेल्या दिवाळीतच सांगितलं होतं, अशी अशी सातवाली पाहिजे म्हणून. नव्वी दिसली तर कस्टमवाले सोडत नाहीत, म्हणून तू वापरतेयस ना? किती करतेस गं तू आमच्यासाठी!"

लाइन खरखरत होती. मी म्हटलं, हो हो, ठीक आहे, ठेवते. फोन यांच्याकडे दिला आणि स्वयंपाकघरात जाऊन उभी राहिले.

जे गल्फमध्ये राहिले नाहीत त्यांना हे सांगायला हवं. आम्ही सगळेच तेव्हा हे करायचो. मुंबईच्या विमानतळावर नवी वस्तू दिसली की ड्यूटी. वापरातली असली तर सामान. म्हणून मेव्हण्याचं घड्याळ आधी स्वतःच्या मनगटावर महिनाभर मिरवायचं. साडी एकदा पाण्यातून काढायची. टेपरेकॉर्डरच्या खोक्यावरचं प्लॅस्टिक फाडायचं, सेंटच्या बाटलीतून थोडा उडवून घ्यायचा. कुणाच्याही घरी सुट्टीच्या आधी हेच चाललेलं असायचं, त्यात चोरी वाटायची नाही, शहाणपण वाटायचं. पण घड्याळ मिरवणाऱ्याला ते कुणाचं आहे हे माहीत असायचं हो! मला कुणी सांगितलंच नव्हतं. मी शिकत होते. मी मनगटाला बाम चोळून झोपत होते. आणि माझा नवरा मला सोमवारी क्लबात पाठवत होता, तो मी एक वस्तू जुनी करावी म्हणून.

हे फोन ठेवून आत आले. मी विचारलं, "ती बॅट कुणाची आहे?"

"कुठली?"

"घरात छप्पन्न बॅटा आहेत का?"

त्यांनी माझ्याकडे पाहिलं, समजलं, आणि खरं सांगते, जराही ओशाळले नाहीत. "अगं, हे बघ," म्हणाले, जसं एखाद्या शिकाऊ पोराला मशीन समजावतात तसं, "तुला खेळायचं होतं, तुला बॅट मिळाली. त्याला बॅट हवी होती, त्याला मिळेल. ड्यूटी वाचली. यात कुणाचं नुकसान झालं, ते मला सांग."

"मला सांगायचं होतंत."

"सांगितलं असतं तर तू जपून जपून खेळली असतीस. ती वापरल्यासारखी दिसली नसती."

"इतके दिवस मी मनगट धरून बसतेय. ती मला जड होते, हे तुम्हाला दिसत नव्हतं?"

"ती जडच आहे," हे म्हणाले. "तो अटॅकने खेळतो, त्याला तशीच लागते. तुझ्यासाठी घ्यायची असती तर हलकीच घेतली असती ना. एवढं मला कळत नाही का?"

हे त्यांनी माझी समजूत काढण्यासाठी म्हटलं, याला काय म्हणावं! मला वाटत होतं, त्यांना खेळातलं कळत नाही म्हणून चुकीची बॅट आली. कळत होतं. दुकानात मी ते फिकट ब्लेड उचललं तेव्हा ते माझ्या हाताला बरोबर आहे, हे त्यांना माझ्याइतकंच कळलं होतं, आणि त्यांनी ते हातातून काढून कपाटात ठेवायला लावलं. मला रडू आलं. रडताना मला राग आला, आणि राग आला म्हणून आणखी रडू आलं. मुलगी दारात येऊन म्हणाली, "व्हॉट हॅपन्ड?" हे म्हणाले, "काही नाही, मम्मी दमलीय."

आणि हे आमचं घरातलंच असतं तर एक वेळ गिळलं असतं. दुसऱ्या सोमवारी मी क्लबात गेले ती रिकाम्या हाताने. सेक्रेटरी म्हणाले, "काय वहिनी, बॅट झाली वाटतं तयार? पुतण्याचं नशीब आहे बुवा." म्हणजे या गृहस्थांनाही माहीत होतं! ब्लेड कुठलं घ्यावं ते यांनी त्यांनाच विचारलं होतं. सौदी सौदी म्हणून दात काढत होते तेव्हा त्यांना पक्कं ठाऊक होतं, की या बाईच्या हातात दुसऱ्याची बॅट दिलीय. मी त्यांना म्हटलं, "तुम्ही आणि आमचे हे, दोघं मिळून एक दुकान काढा. वस्तू जुन्या करून मिळतील अशी पाटी लावा. कामाला तुमच्या बायका आहेतच." त्यांचं हसू जागच्या जागी वाळलं. त्या दिवशी मी नर्सच्या बॅटने खेळले, आळीपाळीने, एक गेम तिचा आणि एक माझा. माझे बॉल टेबलावर पडत होते. ते बघून मला आनंद व्हायला हवा होता, पण किती दिवस फुकट गेले हेच मनात येत होतं.

मी ती बॅट न्यायचं बंद केलं, तशी यांची पंचाईत झाली. अजून ती पुरेशी जुनी दिसत नव्हती. "बॅट नेली नाहीस?" असं दोनदा विचारून पाहिलं. मग एका संध्याकाळी बघते तर काय, हे जेवणाच्या टेबलावर वर्तमानपत्र पसरून, हातात पॉलिश पेपर घेऊन बसलेत आणि त्या बॅटची मूठ घासतायत. मोठे इंजिनियर! थोडं घासायचे, लांब धरून बघायचे, पुन्हा थोडं घासायचे. मुठीवर घामाचा डाग दिसावा म्हणून खोबरेल तेलाचं बोट फिरवलं. मी समोर बसून भाजी निवडत होते. मला म्हणाले, "आता कशी दिसतेय?" मी म्हटलं, "तुमच्यासारखी." त्यांना ते समजलं नाही, किंवा समजून घेतलं नाही.

जूनमध्ये आम्ही सुट्टीवर निघालो. मुंबईला भर दुपारी उतरलो. सामान म्हणजे काय विचारू नका, आमच्या तिघांच्या अंगावरचे कपडे सोडले तर बॅगांमध्ये आमचं काहीच नव्हतं. कस्टमच्या टेबलापाशी रांग लागलेली. तिथे प्रत्येक गल्फवाल्या नवऱ्याचा चेहरा एकसारखा होतो, नको तितका निवांत. यांचाही तसा झाला. एका मनगटावर मेव्हण्याचं घड्याळ, खिशात स्वतःचं.

साहेब आपल्यातलेच होते, मराठी, कंटाळलेले. त्यांनी हातातली छोटी बॅग उघडायला लावली आणि वरच बॅट होती.

"हे काय?"

"टेबल टेनिसची बॅट आहे साहेब," हे म्हणाले. "वापरातली. हिची."

साहेबांनी ती उचलली. उलटी केली, मुठीवरून अंगठा फिरवला, रबरावर नख मारून पाहिलं. "दिसतेय खरी वापरलेली," म्हणाले आणि ती बॅगेत ठेवायला लागले. ठेवता ठेवता, केवळ विचारायचं म्हणून, माझ्याकडे बघितलं. "काय हो बाई, तुम्ही खेळता?"

"खेळते की."

"अरे वा. मग ही तुमचीच ना?"

यांनी माझ्याकडे पाहिलं. त्या टेबलापाशी बायकोने फक्त मान हलवायची असते, एवढंच तिचं काम असतं, आणि मी प्रत्येक सुट्टीत ते बिनबोभाट केलं होतं. घड्याळासाठी हलवली होती, साड्यांसाठी हलवली होती. या वेळी मान हलेना. मी काही ठरवून आले नव्हते. पण त्या माणसाने मला सरळ विचारलं होतं, तुमची का म्हणून, आणि इतक्या दिवसांत ते विचारणारा तो पहिलाच होता.

"नाही साहेब," मी म्हटलं. "माझी नाही. माझी असती तर हलकी असती."

यांच्या तोंडचं पाणी पळालं. "अहो, ती चेष्टा करतेय," असं काहीतरी म्हणायला लागले. साहेबांनी बॅट टेबलावर बाजूला ठेवली. एकदा यांच्या मनगटाकडे पाहिलं, एकदा मागच्या ट्रॉलीवर रचलेल्या मोठ्या बॅगांकडे पाहिलं.

"उघडा बघू त्या सगळ्या," ते म्हणाले.

हे खिसे चाचपायला लागले, शर्टाचा, पँटचा, पुन्हा शर्टाचा. किल्ल्या माझ्या पर्समध्ये होत्या. मी जुडगा काढला आणि साहेबांच्या हातात दिला.